राजा धवलसेनाची निवडणूक

शेजारच्या नांदरखेडच्या लोकांनी आपला राजा हटवला आणि मतं देऊन म्हाळसाबाई कोष्टिणीला राज्यप्रमुख केलं, तेव्हापासून राजा धवलसेनाचा नुसता जळफळाट चालला होता. बाई पायी हिंडायची, तरी बायका तिला हाका मारून घरात न्यायच्या. त्याची पालखी निघाली, की माणसं मुजरा करून मुकाट वाटेला लागायची.

बाईचा तोरा उतरवायचा म्हणून त्याने तिला दरबारात बोलावलं आणि भर सभेत सुनावलं, "बाई, तुमचे लोक तुम्हाला उद्या काढून टाकतील. मला कुणी हलवू शकत नाही!"

"खरं आहे, महाराज," म्हाळसाबाई म्हणाली. "काढता येत असूनही ते मला ठेवतात, म्हणून मी त्यांना हवी आहे हे मला कळतं. तुम्हाला कसं कळतं?"

तो प्रश्न राजाला आठवडाभर टोचत राहिला. अखेर त्याने स्वतःच दवंडी पिटवली, की राजा हवा की नको, ते मत देऊन सांगा.

राजा थोडक्यात जिंकला. आनंदाच्या भरात तो पहिल्यांदाच गर्दीत उतरला. एका म्हातारीने त्याचा हात धरून विचारलं, "आता पुन्हा कधी विचारणार, महाराज?"

"पाच वर्षांनी!" राजा बोलून गेला, आणि त्या राज्यातली राजेशाही तिथंच संपली.