एका विहिरीचे दोन काठ

फार फार वर्षं झाली. डोंगराच्या कुशीत, धुक्यात अर्धं झोपलेलं एक गाव होतं. गावाला विहीर एकच. पहाटे तिच्यात डोकावलं की विझत आलेल्या चांदण्या पाण्यावर तरंगताना दिसत.

केराई म्हातारी रोज उगवतीच्या काठावर पाणी भरायची. तिथला दगड झिजून सखल झाला होता आणि तिचा गुडघा वाकत नव्हता, एवढंच कारण. शेजारी तिची मैत्रीण भागा असायची. घागर एकटीला भरता येते, पण डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतोच. चाळीस वर्षं दोघी एकमेकींना हात देत आल्या होत्या.

त्या वर्षी पोळ्याला पहिला मान कुणाच्या बैलाचा, यावरून दोन भावांत जुंपली. एक उगवतीला राहायचा, दुसरा मावळतीला. बघता बघता सगळं गाव दुभंगलं. बैल बिचारे कडबा खात उभे होते.

“केराई आमची!” उगवतीचा भाऊ सांगत सुटला. “आमच्याच काठावर पाणी भरते.”

“अरे बाबा, गुडघा दुखतो माझा! मी कुणाच्याच बाजूची नाही.”

झालं! उगवतीच्या बायकांनी पाठ फिरवली. भागाचा मुलगा मावळतीवाल्यांचा, म्हणून भागा मुकाट पलीकडच्या काठावर गेली. पण ती कालची उगवतीची, तिच्यावर मावळतीच्या बायकांचा भरवसा बसेना. तिलाही कुणी हात देईना.

केराईच्या घरी लेक बाळंतीण. केराई अर्धी घागर ओतून टाकायची आणि उरलेली कडेवर घेऊन लंगडत जायची. बाळाच्या अंघोळीला पाणी पुरेना. एका पहाटे काठावर बसून ती रडली.

तळातलं म्हातारं कासव वर आलं. “काय झालं गं?”

“कासवदादा, मी कुठल्या काठावर उभी राहू?”

“जन्मभर खालून बघतोय मी,” कासव म्हणालं. “मला तर काठ एकच दिसतो. गोल.”

केराई उठली. रिकामी घागर घेऊन, कठडा धरत, धुक्यातून भागापाशी गेली.

“चल, हात लावते.”

“लोक काय म्हणतील गं?”

“म्हणू देत. माझं नातवंड पारोसं आहे अन् तुझी घागर अर्धी.”

भागाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या. केराईने तिची चढवली. मग डोक्यावरची घागर एका हाताने सावरत भागाने दुसरा हात केराईच्या घागरीला लावला.

त्या दिवशी बाळ मनसोक्त न्हालं. दुसऱ्या दिवशी आणखी एक बाई काठ ओलांडून आली, मग आणखी दोघी. भाऊ दोन्हीकडे उभे राहून कोण कुणाची ते मोजत होते, पण एका जागी थांबायला कुणाला सवडच नव्हती.

हात कुणाच्या बाजूचा हे विचारत बसलं, की घागर अर्धीच घरी येते.