निंबदऱ्याची भाकरशिळा

भाकरशिळेवर भाकरी ठेवली की पाठ फिरवायची, सरळ घर गाठायचे आणि मागे वळून बघायचे नाही. का, ते विचारायचे नाही.

शलाकाला हा नियम सातव्या वर्षी सांगितला गेला आणि तिने तेव्हाच 'का?' विचारले. गेनूआबांनी, म्हणजे तिच्या आजोबांच्या धाकट्या भावाने, पारावरून नुसते डोळे वटारले. "जे वाडवडलांनी इचारलं न्हाई ते तू इचारू नगंस." पारावरच्या चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. निंबदऱ्यात विषय असेच संपत.

निंबदरे हे घाटाखालचे शेवटचे गाव. घरे संपतात तिथे एक जुने करंजाचे झाड आहे आणि त्याच्या सावलीत काळी, बैठी शिळा. चौघीजणी ऐसपैस मांडी घालून बसतील एवढी. तिच्या पाठीवर टाकीचे घाव आहेत, जात्याच्या पाळीला, म्हणजे दळणाऱ्या दगडाला, असतात तसेच, मधून निघून कडेपर्यंत गेलेले. किती पावसाळे गेले, पण बोट फिरवले तर अजून खरखरीत लागतात. गावात रोज पाळीपाळीने एका घरची, तव्यावरची पहिली भाकरी या शिळेवर येते. माघी पौर्णिमेला मात्र पाळी नसते. त्या दिवशी मान शिळेच्या आख्यायिकेतल्या ठकूबाईच्या घराचा, आणि ठकूबाईचे घर म्हणजे शलाकाचे घर.

एका वर्षी शलाका तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी आली होती. आईचे गुडघे धरले होते, म्हणून पौर्णिमेची भाकरी तिने थापली. एका अंगाने करपली, पण पहिली ती पहिली. बदलता येत नाही. भाकरी फडक्यात गुंडाळून आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती शिळेकडे निघाली, तेव्हा करंजाखाली शहरातून आलेले दहा-बारा पाहुणे बसले होते आणि गेनूआबांनी आख्यायिकेला हात घातला होता. पांढरे धोतर, नवा फेटा, घसा खाकरून मोकळा केलेला. पाहुण्यांसमोर आबांची भाषासुद्धा इस्त्री करून यायची.

मागे, माळावर, चार कापडी पाले पडली होती. घाटाच्या रस्त्याचे काम निघाले होते आणि खडी फोडणारी माणसे महिन्यापूर्वी येऊन उतरली होती. कुणाचे काही गेले नव्हते, कुणाशी भांडण नव्हते. पण पौर्णिमेला पाहुणे येणार, त्यांना गावच्या तोंडाशीच ही फाटकी पाले दिसणार, आणि असल्या लोकांचा काय भरवसा, असे पारावर ठरले होते. दुपारपर्यंत पाले उठवा, असा निरोप सकाळीच गेला होता. निरोप घेऊन जाणारे बाळूअण्णा आता आबांच्या शेजारीच बसले होते, दाढ कोरत.

शलाका भाकरी घेऊन उभी राहिली. गोष्ट संपल्यावर भाकरी ठेवायची, अशी रीत.

असे सांगतात, आबा म्हणाले, की फार पूर्वी दरवर्षी सुगीनंतर टाकीवाल्यांचा तांडा घाट उतरून निंबदऱ्याला यायचा. पुरुष दगड फोडत आणि बायका दारोदार हिंडून जात्यांना टाकी लावत. 'टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ' अशी हाक आली की सुना जात्याची वरची पाळी उतरवून ठेवत. टाकीवाली अंगणात बसून टकटक करायची, पाळीला नवे दात यायचे आणि जाते पुन्हा बोलू लागायचे. पण त्यांना घरात कुणी घेत नसे. पाणी वरून ओतायचे, पसाभर दाणे लांबून टाकायचे.

एका वर्षी गावात पटकी आली, म्हणे. सात माणसे गेली. कुणीतरी म्हणाले, ही साथ टाकीवाल्यांनी आणली. दुसऱ्याने ते खरे मानले, आणि तिसऱ्याने दगड उचलला. तांडा घाटावर पळाला. एक म्हातारी तेवढी मागे राहिली, यल्लव्वा नावाची. तिच्या अंगात ताप होता आणि पायात त्राण नव्हते. ती या करंजाखाली, या खडकाला टेकून पडली. गावाने तिच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले. मारायचे पाप नको, आपोआप काय ते होईल.

ठकू त्याच वर्षी लग्न होऊन गावात आली होती. पहाटे दळण, मग भाकऱ्या. तव्यावरची पहिली भाकरी पदराखाली घेऊन ती बाहेर पडू लागली. सासूने विचारले, "कुठं चाललीस?" ठकू म्हणाली, "कावळ्याला घास ठेवून येते." सासूला वाटले, सून देवभोळी आहे. एकवीस दिवस तो कावळा भाकरी खात होता. बाविसाव्या दिवशी, माणसे रानात गेलेली असताना, यल्लव्वा काठी टेकत ठकूच्या अंगणात आली. तिने जाते मागितले, टाकी लावली, आणि एक शब्द न बोलता घाट चढून गेली. जाताना या खडकावरही तिने टाकी चालवली. हे घाव तेव्हाचे, असे म्हणतात.

पुढे काय झाले ते गावाला कळलेच नाही. पुढच्या सुगीला तांडा आला नाही. त्याच्या पुढच्याही सुगीला नाही. हळूहळू जाती गुळगुळीत झाली. बायका घाम गाळत खुंटा ओढत, आणि पाळीतून बाजरीचा दाणा जसाच्या तसा बाहेर येई. गावाला वाटले, देवीचा कोप. मग गावाने जात्यांना शेंदूर फासला. नारळ फोडले. एका शहाण्याने तोडगा सांगितला की जात्याला तेलाने न्हाऊ घाला. घरोघर जाती तेलात न्हाली, आणि आधी निदान भरड तरी पडत होती, तीही बंद झाली.

इथे पाहुणे हसले. आबा हसले नाहीत. या जागी पाहुणे नेहमी हसतात, त्यांना ठाऊक होते.

त्या वर्षी निंबदऱ्यात लग्नाच्या पंगतींना घुगऱ्या वाढल्या, असे सांगतात. दुसरी गावे सोयरीक करायला कचरू लागली. लहान पोरे आणि बोळकी म्हातारी उपाशी निजू लागली. साऱ्या गावात एकाच घरातून पहाटे जात्याची घरघर ऐकू येई. ठकूच्या. पंच तिच्या दाराशी गेले आणि विचारले, "पोरी, तुझ्याकडं कुठला मंतर हाय?" तेव्हा ठकूने कावळ्याची गोष्ट सांगितली.

पंच खाली मान घालून उठले. ठकूच्या जात्यावरचे पीठ, त्याच्या भाकऱ्या बांधून घेतल्या आणि अनवाणी घाट चढून टाकीवाल्यांना परत आणायला गेले. यल्लव्वाने भाकरीचा वास घेतला, म्हणे, आणि म्हणाली, "हे पीठ माझ्या टाकीचं." तांडा परत आला. तेव्हापासून या गावाची पहिली भाकरी परक्याची. हिला भाकरशिळा म्हणतात.

"आणि मंडळी," आबांनी बोट वर केले, "ठकूबाई भाकरी ठेवायची आणि पाठ फिरवायची. वळून बघायची नाही. दानाचा गाजावाजा करू नये, ही त्यातली शिकवण. तोच नियम आम्ही आजतागायत पाळतो."

"वा!" एक पाहुणे म्हणाले. "किती सुंदर."

शलाकाच्या हातात भाकरी गार होत चालली होती. कान मात्र तापले होते. ही गोष्ट तिने पंधरा वेळा ऐकली होती आणि पंधराही वेळा तिला शेवटी काहीतरी खुपत असे, दाताखाली खडा यावा तसे. आज तो खडा कुठला ते तिला कळले.

तिला गोदाआत्या आठवली. गावात पिठाची गिरणी आली आणि एकेक जाते पायरीला नाहीतर तुळशीच्या कट्ट्याला लागले. आत्याने मात्र आपले जाते शेवटपर्यंत सोडले नव्हते. लहानपणी शलाका पहाटे आत्याच्या मांडीवर डोके ठेवून पडायची. खालून जमीन गुरगुरायची, वरून आत्याचा आवाज यायचा, आणि केसांत पिठाची भुकटी पडत राहायची. त्या पिठाला ऊब असायची. आता आत्या नाही. ते जाते परसात पालथे पडले आहे आणि त्याच्या भोकातून गवत उगवले आहे. पण ओव्या शलाकाच्या कानात तशाच होत्या. त्यातल्या दोन ठकूबाईच्या:

पहिली माझी भाकर, नेली शिळेच्या काठाला
ठकू जेवली बाई, टाकीवालीच्या ताटाला

मागं काय वळून बघू, कुठं गेले मी माघारी
समोरासमोर बाई, मोडली एक भाकरी

तेव्हा छोट्या शलाकाने विचारले होते, "आत्या, आबा तर सांगतात, ठकूबाई ठेवून निघून यायची." आत्याने मूठभर दाणे जात्यात टाकले होते. "पारावरच्या गोष्टीत यायची. जात्यावरच्या गोष्टीत बसायची. गाण्यातलं गाण्यात ठेवावं बाळा, पारावर नेऊ नये." आणि पुन्हा घरघर सुरू झाली होती.

"ठेव पोरी," आबा म्हणाले.

तेवढ्यात माळाकडून एक बाई आली. विशीची असेल. कडेवर लेकरू, डोक्याला फडके, हातांवर दगडाची पांढरी धूळ. एवढी माणसे पाहून ती करंजाच्या सावलीच्या कडेशी थबकली.

"ए, तिकडंच ऱ्हा," बाळूअण्णा म्हणाले. "कार्यक्रम चाललाय. पालं उठवली का न्हाई अजून?"

"उठवतोय की, अण्णा. लेकराला पानी पायजे व्हतं, म्हनून आले. जाताना घाटात पानी न्हाई."

"नंतर ये. पाहुणे गेल्यावर."

पाहुण्यांपैकी कुणी आकाशाकडे पाहिले, कुणी शिळेवरच्या घावांकडे. सुंदर म्हणणाऱ्या गृहस्थांनी आपली बाटली पिशवीत नीट आत सारली.

शलाका शिळेवर चढली. चपला काढल्या आणि मधोमध मांडी घालून बसली. फडके सोडले. "ये," तिने त्या बाईला हाक मारली. "नाव काय तुझं?"

"दुर्गव्वा."

"बस, दुर्गव्वा. पाणी माझ्या तांब्यात आहे. आधी लेकराला पाज."

"शलाके!" आबांचा आवाज चिरकला. "शिळेवर कुनी बसतं का? उतर खाली. ठेव आन् नीघ."

"नाही निघत, आबा."

दुर्गव्वाने एकदा बाळूअण्णांकडे पाहिले, एकदा शिळेकडे. मग पदराने पाय झटकले आणि येऊन समोर बसली. लेकराने दोन्ही हातांनी तांब्या धरला. शलाकाने भाकरी मधून मोडली आणि अर्धी पुढे केली. दुर्गव्वाने ती उलटून पाहिली.

"करपलीय की गं एका अंगानं."

"मीच केलीय."

"दिसतंयच." ती हसली, आणि करपलेल्या अंगाकडूनच तिने पहिला घास घेतला. मग तिची नजर शिळेवर गेली. धुळीने भरलेले बोट तिने एका घावावरून सावकाश फिरवले, मधून कडेपर्यंत. "माझी आजी बी टाकी लावायची. असाच हात व्हता तिचा. कुनी केलं हे?"

"एका म्हातारीने. या गावाने तिला दगड मारले होते."

"पोरी, पाहुण्यांम्होरं गावाची अब्रू..." आबा उठून उभे राहिले.

"आबा, तुम्ही गोष्ट फार छान सांगता," शलाका म्हणाली. तिचा आवाज वाढला होता आणि तो तिने खाली आणला नाही. "दगड मारणाऱ्यांना नावं ठेवता. आणि सकाळी बाळूअण्णांना माळावर पाठवता. तेव्हा साथ तरी होती. आज काय आहे? पाहुणे आहेत, एवढंच! ठकूबाई पाठ फिरवून गेली नाही. ती इथं बसली, समोरासमोर. आत्याच्या ओवीत आहे ते. तुमच्या आईच्याही ओवीत असणार. ऐकली नाही का तुम्ही कधी? पहाटे त्याच घरात झोपत होता ना?"

आबांनी शिळेकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हलले, जणू कुठूनतरी लांबून जात्याची घरघर ऐकू यावी.

"वाडवडलांची रीत हाय ती," शेवटी बाळूअण्णाच म्हणाले. "तू मोडनार?"

"मी भाकरी मोडली, अण्णा. ठेवून पळून जायला मी काही चोरी केलेली नाही. मी नाही पाठ फिरवणार. आज नाही, पुढच्या पौर्णिमेलाही नाही. आणि ही पालं उठली, तर ठकूबाईच्या घरची पहिली भाकरी या शिळेवर पुन्हा येणार नाही. मग पाहुण्यांना नुसता खडक दाखवा."

बाळूअण्णांनी दाढ कोरायची काडी खाली टाकली. आबा सावकाश खाली बसले आणि फेट्याचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. करंजाखाली फक्त लेकराचे पाणी पिणे ऐकू येत होते, घटाघटा.

पाले त्या दुपारी उठली नाहीत. रस्ता पुरा झाला तेव्हा आपसूक उठली.

आजही निंबदऱ्याची पहिली भाकरी भाकरशिळेवर जाते. नेणारी बाई तिथे मांडी घालून बसते आणि वाटेने जो येईल त्याला हाक मारते. आजही पाहुणे येतात, घावांवरून बोट फिरवतात आणि विचारतात की ठकूबाई वळून बघायची नाही म्हणे, मग या बसतात कशा? तेव्हा पारावरची म्हातारी माणसे एकमेकांकडे बघतात, आणि शिळेवर बसलेल्या बाईकडे बोट दाखवतात.