जुना काय, नवा काय

अनसूयाबाई खांबेकर तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून देत. टॅबच्या काचेवर बडवून बोटं दुखायला लागली, तेव्हा त्या कीबोर्डवालं कव्हर घ्यायला झुंबरशेठच्या दुकानात गेल्या. दारातच पाटी होती, 'सील फोडलं की माल परत नाही'. एवढ्या मोठ्या अक्षरातली पाटी पाहून बाईंच्या मनात पाल चुकचुकली. शेठनी कव्हरचं सीलबंद खोकं पुढं सरकवलं.

"माझा टॅब तीन वर्षांपूर्वीचा आहे. त्याला हे बसेल?"

शेठनी टॅबकडं पाहिलंही नाही. "कंपनी तीच, इंच तेवढेच. जुना काय, नवा काय, काही फरक नसतो."

"मग खोकं उघडून लावून दाखवा."

शेठनी पाटीकडं बोट केलं.

बाईंनी आपला टॅब काउंटरवर ठेवला. "फरक नसतो ना? मग हा तुम्ही ठेवा आणि काचेच्या कपाटातला तो नवा टॅब मला द्या."

शेठ उसळले. "असं कसं? तो पातळ आहे. त्याचा कॅमेरा सरकलाय. कीबोर्ड जोडायच्या पिना तुमच्याला कडेला आहेत, त्याला पाठीवर. हा कीबोर्डसुद्धा त्याच्यासाठीच..."



बाईंनी टॅब उचलून पिशवीत टाकला.

"बघा शेठ, सील न फोडताच कळलं."