पहिला मान कोणाचा?

समुद्रातल्या तीन बेटांना तिथले लोक थोरलं, मधलं आणि धाकटं म्हणत. उत्तरेच्या राजा वज्रसेनाला ती 'वज्रबेटं' व्हायला हवी होती, दक्षिणेच्या राजा गजकेतूला 'गजबेटं'. एके दिवशी दोघेही गलबतं घेऊन धडकले. "माझंच नाव लावा, नाहीतर घरं जाळीन!" दोघांनीही दम भरला.

बेटांची पाटलीण चांगुणा हात जोडून म्हणाली, "लावते की! पण आमच्यात जित्या माणसाचं नाव कुणाला ठेवत नाहीत. आजा गेला, की नातवाला त्याचं नाव. तेव्हा तुम्हा दोघांत जो आधी जाईल, त्याचं नाव त्याच दिवशी लावते."

वज्रसेन गजकेतूकडे वळला. "आपण वडील. पहिला मान आपला."

"छे छे! मला कसली घाई?"

गलबतं आली तशी परतली. तेव्हापासून दोघेही राजे, दुसऱ्याला हा मान लवकर मिळावा म्हणून नवस बोलतात.