गार पडलेलं अंडं

एक होतं पिलू. एवढंसं, पिवळं. त्याची आई चरायला गेली, ती परत आलीच नाही. खोक्यात राहिलं पिलू आणि एक अंडं. अंड्यात होतं पिलाचं भावंड. आतून वाजायचं, टकटक टकटक! वर होता दिवा. दिव्याची मस्त ऊब.

आज दिवा विझला. अंडं गार पडलं. टकटक... टकटक... पिलू घाबरलं.

"दिव्या दिव्या, अंडं गार पडलं. तू पेट ना!"

"छपरावरची सोलरची प्लेट वीज देत नाही. मी नाही पेटणार!"

पिलू शिडी चढलं. तुरुतुरु तुरुतुरु.

"प्लेटबाई प्लेटबाई, अंडं गार पडलं, दिवा पेटेना. तू वीज दे ना!"

"अंगावर बोटभर धूळ! ऊनच लागत नाही. फडकं मला पुसत नाही. मी नाही वीज देणार!"

बाई बाई, काय हा तोरा! पिलू खाली आलं. तुरुतुरु तुरुतुरु.

"फडक्या फडक्या, अंडं गार पडलं, दिवा पेटेना, प्लेट वीज देईना. तू पूस ना!"

"मी कोरडं. कोरडं घासलं तर काचेवर ओरखडे! घरची हौसाकाकू मला भिजवत नाही. मी नाही पुसणार!"

खोक्यात वाजलं, टक... टक...

पिलू धावलं. तुरुतुरु तुरुतुरु.

"हौसाकाकू हौसाकाकू, अंडं गार पडलं, दिवा पेटेना, प्लेट वीज देईना, फडकं पुसेना. तू भिजव ना!"

"आरं माझ्या सोन्या, काच तापलीया. गार पाणी लागलं की तडकंल! ढग सावली धरत न्हाई. मी न्हाई भिजवणार!"

पिलू अंगणात आलं. मान वर केली.

"ढगा ढगा, अंडं गार पडलं, दिवा पेटेना, प्लेट वीज देईना, फडकं पुसेना, काकू भिजवेना. तू सावली धर ना!"

"वारा मला ढकलत नाही. मी नाही सावली धरणार!"

खोक्यात वाजलं, टक. मग काहीच नाही.

पिलाला रडू फुटलं. कुणाकुणाचे पाय धरायचे? "आता काही माझं भावंड येत नाही," पिलू म्हणालं. तरी टेकडी चढलं. तुरु... तुरु...

"वाऱ्या वाऱ्या, अंडं गार पडलं, दिवा पेटेना, प्लेट वीज देईना, फडकं पुसेना, काकू भिजवेना, ढग सावली धरेना. तू ढकल ना!"

वारा ओशाळला. हळूच म्हणाला, "प्लेटवर ती धूळ मीच टाकली रे. चुकलं माझं. चल!"

सूं सूं सूं! वाऱ्यानं ढग ढकलला. ढगानं सावली धरली. काच निवली. काकूनं फडकं भिजवलं. फडक्यानं प्लेट पुसली. ढग पुढं गेला, ऊन आलं. प्लेटनं वीज दिली. दिवा पेटला!

पिलानं अंड्याला कान लावला. काहीच नाही. पिलू अंड्याला बिलगून बसलं. बसलं, बसलं, रडत रडत बसलं.

टक.

टकटक टकटक... फट्!

ओलंओलं भावंड बाहेर आलं. दिव्याखाली घुसलं. पिलाला ढुशी दिली. "सरक की जरा!"

पिलू लग्गेच सरकलं.