आईला न ऐकवलेली धून

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणत्या राजाचं होतं हे आता कुणाला धड सांगता येत नाही. चीन देशात एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात घरोघरी रेशमाचे किडे पाळत.

मुलांनो, किडे म्हटल्यावर नाक मुरडू नका. सगळ्या गावाचं पोट त्या किड्यांवर चालायचं. किडे तुतीची पानं खायला लागले की गावात पाहुण्यांना बंदी असे. मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. नवराबायकोला भांडायचं असलं तर तेही कुजबुजत. आवाजानं किडे बिथरतात आणि कोष नीट विणत नाहीत, अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत होती.

त्या गावात एक विधवा बाई आणि तिची एकुलती एक मुलगी राहत होत्या. त्यांच्या शेजारी राजधानीतून एक म्हाताऱ्या संगीतशिक्षिका राहायला आल्या. गाव त्यांना 'गुरुबाई' म्हणू लागलं. त्यांच्याबरोबर नावेतून एक पियानो आला. पण गुरुबाईंच्या घराला ओल होती, आणि ओल लागली की पियानोचे सूर उतरतात. किडे पाळणाऱ्या घरात मात्र शेगडी सतत पेटलेली असते, त्यामुळे हवा उबदार आणि कोरडी राहते.

"तुमच्या घरात माझा पियानो ठेवाल का?" गुरुबाईंनी मुलीच्या आईला विचारलं. "मी तुमच्या लेकीला शिकवीन."

"ठेवा की," आई म्हणाली. "फक्त किडे पानं खात असतील तेव्हा त्याला गप्प बसवावं लागेल."

असा तो पियानो त्या घरात आला. एरवी मुलगी वाजवायची आणि किड्यांच्या महिन्यात त्यावर जाड गोधडी पडायची. पोर विलक्षण हुशार निघाली. वर्षभरात तिची बोटं अशी पळू लागली, की गुरुबाई घरी जायला काठी शोधायचं विसरून ऐकत बसत.

गुरुबाईंची शिस्त मात्र कडक होती. "चुकलीस की थांबायचं," त्या बजावत. "चूक झाकून पुढं गेलीस तर बोटांना चुकीचीच सवय लागेल. पुन्हा पहिल्यापासून सुरू कर."

मुलीनं ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं, असं मला वाटतं.

तिची एक लाडकी धून होती. सुरुवात अगदी सोपी, कुणीही गुणगुणावी अशी. मध्यावर मात्र डावा हात उजव्या हातावरून पलीकडे न्यावा लागे आणि तिथं हमखास तिची करंगळी घसरे. करंगळी घसरली की ती थांबे आणि पहिल्यापासून सुरू करे. तिथून पुढचं ती आई तुतीच्या मळ्यात गेल्यावरच वाजवून बघायची. आईच्या कानावर धून जाईल ती निर्दोषच जाईल, असा तिचा हट्ट होता.

आई कोषांतून रेशीम काढता काढता कानात प्राण आणून ऐकायची. अर्धी धून तिला पाठ झाली होती. पुढची अर्धी तिनं कधीच ऐकली नव्हती.

"अगं, पुढं काय होतं ते एकदा ऐकव तरी," आई म्हणे.

"अजून नीट बसलं नाही, आई. बसलं की सगळ्यात आधी तुलाच ऐकवीन."

हे ती अगदी मनापासून म्हणत होती. म्हणून मला तिचा राग येत नाही, तिच्याबद्दल वाईट वाटतं.

मुलगी मोठी झाली. एके वर्षी राजानं देशभरातल्या वादकांना दरबारात बोलावलं. गुरुबाईंनी तिला न्यायचं ठरवलं. निघायचा दिवस नेमका किड्यांच्या महिन्यात आला. सारं गाव गप्प होतं, पियानोवर गोधडी होती. आईनं दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हातानं ती गोधडी बाजूला केली.

"जायच्या आधी मला ती धून पुरती ऐकव," आई म्हणाली.

"आई, किडे?"

"बिघडले तर बिघडू देत. एक हंगाम गेला म्हणून आपण मरत नाही."

मुलीनं पियानोकडे पाहिलं, आपल्या करंगळीकडे पाहिलं. मग तिनं गोधडी पुन्हा पसरली. "अजून ती एक जागा कच्ची आहे. परत आले की ऐकवते."

आईनं लेकीच्या हातात वाटेसाठी वाफवलेल्या पावांची पुरचुंडी दिली आणि नाव दिसेनाशी होईपर्यंत ती काठावर उभी राहिली.

दरबारात मुलीनं तीच धून वाजवली. अवघड जागा आली, हात हातावरून पलीकडे गेला आणि करंगळी बरोबर जागेवर पडली. दरबार तिनं जिंकला. राजानं तिला ठेवून घेतलं. मग दुसऱ्या राज्यांतून बोलावणी येऊ लागली. ती जिथं जाई तिथले लोक तिला डोक्यावर घेत. हजारो अनोळखी माणसांनी ती धून शेवटापर्यंत ऐकली. आईला निरोप जात राहिले, "पुढच्या हंगामात येते." आणि आईचे उलट निरोप येत राहिले, "सवडीनं ये, बाळ."

सवड झाली तेव्हा आई थकली होती. किडे पाळणं तिनं सोडलं होतं. शेगडी विझली होती आणि भिंतींना नदीची ओल चढली होती. गुरुबाई तर केव्हाच गेल्या होत्या. पियानो जागेवरच होता, रोज पुसलेला.

"आता वाजव," आई म्हणाली. तिनं स्टूल ओढून अगदी जवळ घेतलं.

मुलीनं एक पट्टी दाबली. सूर पार उतरला होता. दुसरी दाबली, ती तर वाजलीच नाही. तिचा चेहरा आंबट झाला.

"यावर नाही वाजवायची, आई. यावर ती धून वाईट वाजेल. मी राजधानीतून नवा पियानो घेऊन येते. मग बघ कशी ऐकवते!"

"मला कुठं कळतंय चांगलं नि वाईट," आई म्हणाली. "तू वाजव की यावरच. मी समजून घेईन."

"एवढी वर्षं थांबलीस, आणखी थोडी थांब."

ती परत गेली, तिनं उत्तम पियानो निवडला आणि तो नावेत चढवून ती स्वतः त्याच्यासोबत निघाली. नदीला पाणी कमी होतं. नाव वाळूत रुतत रुतत चालली. ती गावाला पोहोचली तेव्हा घराच्या दाराला पांढरं कापड बांधलेलं होतं. तिकडे ती दुःखाची खूण.

मुलांनो, त्यापुढचं रडणं मी सांगत बसत नाही. तुम्हाला ते कळतंच.

चार दिवसांनी शेजारची म्हातारी काकू तिच्याजवळ येऊन बसली. "तुझी धून फार गोड आहे गं," काकू म्हणाली.

"तुम्ही कुठं ऐकलीत?"

"तुझ्या आईकडून. पानं घालताना हळूच गुणगुणायची. मी म्हटलं, हे कुठलं गाणं? तर म्हणाली, माझ्या लेकीचं. पुढचं तिनं मला ऐकवलं नाही, म्हणून पुढचं माझं मीच रचलंय. आणि मग तो शेवट म्हणताना अशी काही हसायची!"

मुलगी ताडकन उठली. "तो शेवट कसा होता? म्हणून दाखवा ना, काकू!"

काकूनं डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले. "सुरुवात येते बघ. पुढचं नाही आठवत. रोजचंच वाटायचं, म्हणून कुणी ध्यान देऊन ऐकलं नाही."

मुलगी घरोघर फिरली. सगळ्यांना सुरुवात येत होती. शेवट कुणालाच येत नव्हता.

ती पुन्हा राजधानीत गेली नाही. नव्या पियानोपाशी बसून ती अर्धी धून वाजवी आणि आईनं पुढं काय रचलं असेल, ते शोधी. तिनं किती तरी शेवट लावून पाहिले. सगळे सुरेख होते. त्यातला आईचा कोणता, हे सांगणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

या गोष्टीतून शिकायचं ते एवढंच: आपल्या माणसाला जे द्यायचं ते चुकतमाकत का होईना, ते माणूस आहे तोवर द्यावं.