चिंगीची लाल मूठ

कुणी म्हणजे कुणी ऐकेना!
चिंगी चिचुंद्री ओरडून ओरडून सांगत होती.
"मूठ हरवली नाही. मूठ कुणीतरी नेली!"
बेडूक म्हणाला, "तूच हरवलीस."
कावळा म्हणाला, "तूच हरवलीस."
तिचं स्वतःचं धाकटं पिल्लूसुद्धा म्हणालं, "आई, तूच हरवलीस."
घ्या!

चिंगीची होती एक सुरी. इवलीशी सुरी.
सुरीला लाकडाची मूठ. लाल लाल मूठ.
काल चिंगीनं काकडी कापली. ऊन केवढं! हाताला घाम आला. मूठ घामानं ओली झाली.
सुरी तशीच ठेवली दारातल्या दगडावर.
सकाळी बघते तर काय? पातं आहे. मूठ नाही!

आणि दारात कलिंगड. हे एवढं मोठं!
पिल्लं भुकेली. कुई कुई कुई!
नुसतं पातं धरावं, तर बोट कापतं.
"गप बसा रे," चिंगी म्हणाली. "नवी मूठ आणते. आणि चोरालाही बघते."
पातं पानात गुंडाळलं, काखेत धरलं.
निघाली चिंगी. तुरु तुरु, तुरु तुरु.

केरबा सुतार करवत चालवत होता. खर्र खुर्र, खर्र खुर्र.
"केरबादादा, केरबादादा!
पिल्लं रडतात कुई कुई.
कलिंगड कापायला सुरी हवी.
सुरीला नाही मूठ.
तू मूठ घडवशील का?"
केरबा हसला. "जुनी हरवलीस होय?"
"हरवली नाही. कुणीतरी नेली!"
"बरं बाई, नेली. पण एवढ्याशा हाताला पेरूचंच लाकूड हवं. चिवट असतं, गुळगुळीत असतं. पेरू फांदी देईल, तर मी मूठ घडवीन."
निघाली चिंगी. तुरु तुरु, तुरु तुरु.

पेरूचं झाड उभं होतं वाऱ्यात. सळ सळ, सळ सळ.
"पेरूबाबा, पेरूबाबा!
पिल्लं रडतात कुई कुई.
कलिंगड कापायला सुरी हवी.
सुरीला नाही मूठ.
केरबा मूठ घडवत नाही.
तू फांदी देशील का?"
पेरू म्हणाला, "हरवायची कशाला मूठ?"
"हरवली नाही. कुणीतरी नेली!"
"असेल, असेल. पण ही शेळी बघ, माझी साल खाते. मीच रडकुंडीला आलोय. शेळी हलेल, तर मी फांदी देईन."
चिंगी वळली. शेळी तिथंच होती. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

"ढवळे शेळी, ढवळे शेळी!
पिल्लं रडतात कुई कुई.
कलिंगड कापायला सुरी हवी.
सुरीला नाही मूठ.
केरबा मूठ घडवत नाही.
पेरू फांदी देत नाही.
तू बाजूला हलशील का?"
शेळी हसली. "मेंऽ मेंऽ! मूठ हरवली, मूठ हरवली!"
"हरवली नाही. कुणीतरी नेली! आणि दाढी हलवू नकोस माझ्यापुढं!"
"मग मी हलतच नाही. हौसाक्का हाक मारील, तर मी हलेन."
निघाली चिंगी. तुरु तुरु, तुरु तुरु.

हौसाक्का धनगरीण बांधावर बसली होती. पाय धरून बसली होती. आई गं, आई गं!
"हौसाक्का, हौसाक्का!
पिल्लं रडतात कुई कुई.
कलिंगड कापायला सुरी हवी.
सुरीला नाही मूठ.
केरबा मूठ घडवत नाही.
पेरू फांदी देत नाही.
ढवळी बाजूला हलत नाही.
तू उठून हाक मारशील का?"
"उठू कशी गं? टाचेत काटा मोडलाय. आणि मूठ तू कुठं हरवलीस?"
"हरवली नाही. कुणीतरी नेली!"
"आता भांडू नकोस. साळिंदराचा लांब काटा आण. काट्यानं काटा निघेल, तर मी हाक मारीन."
निघाली चिंगी. पाय दुखले. पोट कुरकुरलं. तरी तुरु तुरु, तुरु तुरु.

टेकडीखाली बीळ. बिळात साळोजी साळिंदर. अंगभर काटे. खुळ खुळ, खुळ खुळ.
"साळोजी, साळोजी!
पिल्लं रडतात कुई कुई.
कलिंगड कापायला सुरी हवी.
सुरीला नाही मूठ.
केरबा मूठ घडवत नाही.
पेरू फांदी देत नाही.
ढवळी बाजूला हलत नाही.
हौसाक्का उठून हाक मारत नाही.
तू एक काटा देशील का?"
साळोजीनं जांभई दिली. "देईन की. पण आधी मला खारट खाऊ दे. तुझ्या मुठीसारखा. खारट, खारट!"

चिंगी थांबली.
"माझी मूठ खारट होती?"
"हो! घामाची चव… नाही, नाही! मला काय ठाऊक?"
"साळोजी, मिशीला काय लागलंय?"
"भात."
"लाल भात?"
साळोजीनं पटकन मिशी पुसली.
चिंगी बिळात घुसली. कोपऱ्यात काय होतं? कुरतडलेला तुकडा. लाल लाल तुकडा!
चिंगी दोन पायांवर उभी राहिली. केवढी? साळोजीच्या गुडघ्याएवढी!
"खाल्लीस ना माझी मूठ? पिल्लं उपाशी बसलीत माझी! काटा दे. आत्ताच्या आत्ता दे!"
साळोजीनं अंग झाडलं. खुळ खुळ, खुळ खुळ. पडला एक लांब काटा.
"आणि चल माझ्याबरोबर!"
पुढं चिंगी. तुरु तुरु.
मागं साळोजी. खुळ खुळ.

काट्यानं काटा काढला. "आई गं!" निघाला!
हौसाक्का उठली. "ढवळेऽ! ये गं, येऽ!"
ढवळी हलली. मेंऽ मेंऽ!
पेरूनं फांदी दिली. कड्डकन!
केरबानं फांदी घेतली. "थांब, आधी तुझा हात बघू. हा चिखलाचा गोळा धर. दाब घट्ट."
चिंगीनं दाबला. गोळ्यावर बोटं उमटली. इवली इवली बोटं.
"हा झाला तुझा हात. दुसऱ्याची मूठ तुला बसायची नाही. तुझी तुलाच बसणार."
करवत चालली. खर्र खुर्र.
कानस चालली. घस घस.
भोक पाडलं. भोकात लाख वितळवली. पात्याचं शेपूट तापवलं आणि आत खुपसलं.
चर्र्र!
वर लाल रंग. त्यावर तेल चोळलं. मूठ कशी चकचकली!
केरबा म्हणाला, "काम झालं की मूठ पूस. खुंटीला टांग. बाहेर ठेवू नये, बाई."
"बाहेर ठेवली म्हणून काय दुसऱ्यानं खायची?"
"नाही बाई, नाही!"

घरी आली चिंगी. सुरी धरली. अगदी बरोबर बसली हातात!
कच्चकन कापलं कलिंगड. आत लाल लाल!
पिल्लांनी खाल्लं. नाकं लाल, मिशा लाल, पोटं टम्म.
मग सगळे आले. केरबा आला, हौसाक्का आली, ढवळी आली. बेडूक आला, कावळाही आला.
"आम्हाला एक एक फोड दे गं, चिंगे."
चिंगीनं सुरी पाठीमागं धरली.
"देते. पण आधी बोला. मूठ मी हरवली का?"
सगळे म्हणाले, "नाही, नाही! चुकलं आमचं!"
"कुणीतरी नेली ना?"
"नेली, नेली!"
धाकटं पिल्लू आईला बिलगलं. "आई, तू खरं बोलत होतीस."
चिंगीनं त्याला मधली फोड दिली. सगळ्यात गोड.
मग सगळ्यांना फोडी दिल्या. कुंपणापाशी एकजण मान खाली घालून बसला होता. त्याला दिली साल. वर चिमूटभर मीठ.
"आता मोठ्यानं सांगा," चिंगी म्हणाली. "माझी लाल मूठ खाल्ली कुणी?"
सगळे ओरडले,
"साळोजी!"